मामाकडे गेलेला ड्रॅगन

बालवर्गाच्या बाईंना शाळेत कोणी बाई म्हणतच नव्हतं. ड्रॅगनबाई म्हणायचे. पोरं म्हणायची, पोरांचे आईबाप म्हणायचे, आणि कारकून तर हजेरीपुस्तक पुढे सरकवताना तोंडावरच म्हणायचा. बाईंना त्याचं काही वाटत नसे. सतरा वर्षं दर वर्षी एक अख्खा आठवडा ज्यांनी वर्गात ड्रॅगन पाळला, त्यांना दुसरं काय म्हणणार?

तो आठवडा म्हणजे नुसता धुडगूस. अंड्यांचे रिकामे ट्रे रंगवून पाठीचे काटे करायचे. पोरांचे तळवे हिरव्या रंगात बुडवून जुन्या चादरीवर उमटवायचे, ते झाले खवले. सोमवारी पहिला तळवा उमटायचा आणि गुरुवारपर्यंत बाईंच्या कानामागेसुद्धा हिरवा रंग सापडायचा. शुक्रवारी खोक्याचं तोंड लावून सगळी पोरं चादरीखाली शिरायची. मग बाई चित्रांचं पुस्तक घेऊन बसायच्या आणि ठरलेल्या जागी डरकाळी फोडायच्या. ही डरकाळी साधीसुधी नव्हती. ऑफिसात कारकून दर वर्षी दचकल्याचं सोंग करून हातातलं पेन पाडायचा.

या वर्षी डरकाळी येत नव्हती.

बाईंचे यजमान बाइंडर होते. लोकांच्या फाटक्या वह्या-पुस्तकांना पाठ लावून द्यायचे. चार महिन्यांपूर्वी दुपारी जेवून उठले, पाणी प्यायले, खुर्चीत बसले, आणि संपलं. बाई दहा दिवसांनी शाळेत हजर झाल्या. केस नीट विंचरलेले, डबा भरलेला. लोकांनी तोंडात बोट घातलं, काय धीराच्या बाई आहेत म्हणून. धीर कसला डोंबलाचा! बाईंना काही होतच नव्हतं. जेवलं तर जेवलं, झोपलं तर झोपलं. चहात साखर घातली की नाही हे चहा संपल्यावरही सांगता यायचं नाही. खालच्या मजल्यावर राहणाऱ्या मोठ्या नणंदेला याचीच धास्ती वाटे. रड बाई एकदाची, म्हणून ती मागे लागली. शेवटी तिने मुद्दाम किलोभर कांदे चिरायला आणले. बाईंनी ते एकसारखे चिरून दिले. नणंदच समोर बसून ढसाढसा रडली, अर्धी कांद्याने आणि अर्धी भावासाठी.

घरात हे खपून गेलं, पण वर्गात कसं खपणार? चार वर्षांच्या पोरांना काही समजावून सांगावं लागत नाही. समोरचं माणूस नुसतं शब्द वाचतंय हे त्यांना दुसऱ्या ओळीला कळतं. ती उठून खिडकीशी जायला लागली. एकाने दुसऱ्याला चावून ठेवलं, आणि बाईंनी दोघांनाही सारख्याच आवाजात खाली बसायला सांगितलं. दोन पोरांच्या आयांनी ही गोष्ट मोठ्या बाईंच्या कानावर घातली.

मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका वाईट नव्हत्या. त्यांनी बाईंना बोलावलं, आधी पाणी दिलं आणि मग सांगितलं की शुक्रवारी त्या वर्गात येऊन बसतील. जमत नसेल तर पुढच्या महिन्यापासून बाईंनी भांडारखोली सांभाळावी. खडू, कागद, किल्ल्या. शांत काम आहे, जिवाला आराम पडेल.

बाई बरं म्हणून बाहेर आल्या. जिन्यात मात्र त्या थांबल्या. भांडारखोलीत त्यांच्याकडून कोणीच आवाजाची अपेक्षा करणार नव्हतं. खडूंना डरकाळी लागत नाही. तिथे एकदा बसलो की आपण कायमचे असेच राहणार, हे त्यांना स्वच्छ दिसलं. भीती वाटायला हवी होती. तीही वाटली नाही, आणि हे काही ठीक नाही एवढं मात्र कळलं.

आता त्या पुस्तकाबद्दल सांगायला हवं. थंड डोंगरातल्या एका गावाची गोष्ट. तिथे एक म्हातारा ड्रॅगन रोज पहाटे घरोघरच्या चुली पेटवून द्यायचा. धाकटा ड्रॅगन त्याच्या मागे मागे फिरायचा, पण त्याच्या तोंडातून नुसता धूर यायचा. एक दिवस म्हातारा आडवा होतो. पान उलटलं की धाकट्याच्या तोंडातून आग येते, डरकाळी फुटते आणि गावभर चुली पेटतात.

खरं तर मध्ये आणखी दोन पानं होती. पहिल्या वर्षी ती वाचताना एक पोर रडलं, त्याचं बघून दुसरं, आणि अर्ध्या तासात अख्खा वर्ग सूर धरून बसला. बाई नवीन होत्या, घाबरल्या. पुस्तक घरी नेऊन त्यांनी यजमानांना ती पानं एकमेकांना चिकटवून टाकायला सांगितली. त्यांनी हातातलं काम ठेवलं, थोडी मैद्याची खळ शिजवली आणि पानं बंद करून दिली.

"गोंद नाही लावला, खळ लावलीय," ते म्हणाले होते. "वाफ दिली की सुटेल. जे परत उघडता येत नाही, ते मी चिकटवत नसतो."

बाई हसल्या होत्या. कोण उघडतंय आता?

पण पोरं काही कमी नसतात. दर वर्षी एक तरी विचारायचंच, म्हातारा ड्रॅगन कुठे गेला? बाईंनी उत्तर ठरवून टाकलं होतं, मामाकडे गेला. त्यानंतरच्या सगळ्या पोरांना ड्रॅगनला मामा आहे हे पक्कं ठाऊक होतं. परवा तर भाचीला सोडायला आलेल्या एका तरुणाने, जो स्वतः बाईंच्या जुन्या वर्गातला, फाटकातच विचारलं होतं, आला का हो परत मामाकडून?

गुरुवारी संध्याकाळी बाईंनी न्हाणीघराचं दार लावून डरकाळी फोडून पाहिली. घसा खाकरल्यासारखं झालं. खालून नणंदेने सर्दी झाली का म्हणून विचारलं.

शुक्रवार उजाडला. मोठ्या बाई मागे लहान मुलांच्या खुर्चीवर गुडघे पोटाशी घेऊन बसल्या. चादर पसरली होती, खोक्याचं तोंड तयार होतं. बाई वाचू लागल्या. म्हातारा आडवा झाला. पान उलटलं. डरकाळीची जागा आली. बाईंनी तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. काहीच आलं नाही. दोन पोरं उठून खिडकीकडे निघाली. मोठ्या बाईंनी मान खाली घातली.

तेवढ्यात पुढे बसलेल्या एका मुलीने, जिचे बूट रोज उलट्या पायांत असायचे, विचारलं, "म्हातारा ड्रॅगन कुठे गेला?"

मामाकडे. एवढंच म्हणायचं होतं. वर्षानुवर्षं म्हटलेला शब्द, पण तो दातांच्या आतच राहिला. बाईंनी हातातल्या त्या चिकटवलेल्या जाड पानाकडे बघितलं, आणि उठून पुस्तकासकट बाहेर पडल्या.

बाई वर्ग सोडून चालल्या असंच मोठ्या बाईंना वाटलं. त्या मागोमाग गेल्या, आणि त्यांच्या मागे चादर ओढत अख्खा वर्ग. पलीकडच्या चहाच्या खोलीत शाळेच्या मावशींनी किटली उकळत ठेवली होती. बाईंनी जाड पान वाफेवर धरलं. दारात मावशींनी दोन्ही हात पसरून पोरं अडवली. कडा जरा वर आली, तशी बाईंनी फूटपट्टी आत सरकवली. पान सुटलं, जराही न फाटता. खळ फक्त कडेकडेने लावलेली होती, धाग्याएवढी बारीक. आतलं चित्र नवं करकरीत राहिलं होतं. त्याला इतक्या वर्षांत ऊनच लागलं नव्हतं.

बाई तिथेच फरशीवर बसल्या आणि वाचू लागल्या.

"त्या पहाटे म्हाताऱ्या ड्रॅगनच्या तोंडातून आग आली नाही. धूरही आला नाही. धाकटा त्याला टेकून बसला. दिवसभर बसला."

आवाज तोच होता, चार महिन्यांचा सपाट. पण या पानाला दुसरा आवाज चाललाच नसता. एकही पोर हललं नाही.

"मग मामाकडे?" मुलीने विचारलं.

"मामाकडे नाही गेला. मी खोटं सांगत होते."

"मेला?"

"हो, मेला." बाईंनी पानावरून हात फिरवला. "आमच्या घरी पण."

मुलगी त्यांच्याजवळ येऊन टेकून बसली. मग दुसरं एक पोर आलं, मग तिसरं. एक-दोघांना रडू आलं, ती रडली. कोणी सूर धरला नाही. जरा वेळाने बाईंनी पान उलटलं. डरकाळीची जागा परत आली. पोरं चादरीखाली शिरली आणि त्यांनीच ती फोडली, अशी की किटलीचं झाकण वाजलं. ऑफिसात कारकुनाचं पेन पडलं. या वेळी खरंच पडलं म्हणतात.

पोरं वर्गात गेल्यावर मोठ्या बाईंचं लक्ष बाईंच्या हाताकडे गेलं. तळव्यापासून मनगटापर्यंत लालभडक झालं होतं आणि अंगठ्यापाशी फोड धरला होता. त्यांनी हात ओढून नळाखाली धरला आणि चांगल्याच रागावल्या. एवढं भाजेपर्यंत वाफेत हात धरून कोणी बसतं का? दुखत नाही का तुम्हाला?

बाईंनी हाताकडे असं बघितलं, जणू तो दुसऱ्या कोणाचा आहे.

"दुखतंय," त्या म्हणाल्या. पाणी पडत राहिलं. "अहो, खूप दुखतंय."

मग त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला तो डरकाळीसारखा मुळीच नव्हता. मावशींनी दार लोटून घेतलं. मोठ्या बाईंनी नळ बंद केला नाही, हातही सोडला नाही. पुष्कळ वेळाने त्यांनी एवढंच सांगितलं, की सोमवारी हाताला पट्टी बांधून या, चादर धुवायची आहे आणि पोरं तुमच्याशिवाय कोणाला हात लावू देणार नाहीत.

"आणि ते पान? परत चिकटवायचं?"

"नको," बाई नाक पुसत म्हणाल्या. "ह्यांनी उघडायलाच ठेवलं होतं."