फुटलेल्या थर्मामीटरचं तापमान

माझ्या मावशीला हॉस्पिटलात सगळे 'थर्मामीटर' म्हणायचे. तोंडावर 'सिस्टर', आणि पाठ वळली की 'थर्मामीटर आली रे, कामाला लागा'. तिला हे माहीत होतं. "बरं आहे की. कुणी चमचा तरी म्हणत नाही," एवढंच म्हणायची.

अडतीस वर्षं नर्स म्हणून काढून ती रिटायर झाली, तेव्हा गुडघे गेलेले होते, डोळे आणि जीभ मात्र शाबूत. घरात लोकांच्या चुका काढायच्या म्हटलं तर लोक म्हणजे मी एकटी. मी गाडी शिकवते. दिवसभर दुसऱ्याने न दाबलेला ब्रेक आपल्या पायाने दाबायचा, हा माझा धंदा. संध्याकाळी घरी आल्यावर 'चपला तिरक्या का काढल्यास' हे ऐकायचं त्राण माझ्यात नसतं. म्हणून लायब्ररीच्या फळ्यावर ती सूचना दिसली तेव्हा मी फोन नंबर हातावर लिहून आणला.

सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी उत्तरेच्या बर्फाळ समुद्रात फिरणाऱ्या जहाजांच्या नोंदवह्या एका संस्थेने जमवल्या होत्या. जहाजावर ज्याचा पहारा असेल त्या अधिकाऱ्याने दर तासाला बाहेर जाऊन वारा, हवेचा दाब, तापमान आणि बर्फ बघायचं आणि वहीत लिहायचं, असा तेव्हा नियम. त्या वह्यांचे फोटो कॉम्प्युटरवर येणार, घरबसल्या स्वयंसेवकांनी ते अक्षर लावून टाइप करायचं. त्यावरून शास्त्रज्ञ ठरवणार, तेव्हा हवा कशी होती आणि बर्फ कुठवर होता. प्रत्येक पान तिघांकडे जाई. दोघांचं जुळलं की ते पक्कं.

मामा म्हणाला, "या वयात लष्कराच्या भाकऱ्या भाजायचं सुचलंय तुला!"

"घरच्या भाजून झाल्या," मावशी म्हणाली. "तूच खाल्ल्यास निम्म्या."

जुनं अक्षर वाचायची तिला धास्ती नव्हती. "जन्मभर डॉक्टरांची अक्षरं वाचली, हा कप्तान कोण लागून गेला?" तिला एकच जहाज मिळालं, आणि महिन्याभरात त्यावरचे अधिकारी ती नात्यातल्या माणसांसारखे ओळखायला लागली. एकाचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. त्याचं नाव तिने कोंबडीपाय ठेवलं. दुसऱ्याचं अक्षर मोत्यासारखं. तो मोतीराम. मला वाटलं, मोतीराम तिचा लाडका होणार. नाव ठेवल्यावर आठव्या दिवशी ती त्याला शिव्या घालायला लागली.

"हे बघ," शनिवारी दुपारी तिने मला जेवणावरून उठवलं. पडद्यावर मोतीरामचा दुपारी बारा ते चारचा पहारा होता. चार ओळी. "काय दिसतं?"

"सुंदर अक्षर."

"सुंदर अक्षराला काय चाटायचंय? दर तासाला माणूस बाहेर जातो, हात गारठतात, आत येतो, लिहितो. दर वेळी अक्षर थोडं बदलतं, शाई कधी दाट कधी फिकी. कोंबडीपायाचं बघ, डाग पडलेत, हात थरथरलाय. आणि हा? चारही ओळी एका दमात लिहिल्यात. तापमान बघ, दर तासाला बरोबर एक अंश खाली. जिना उतरतोय का हा? बर्फ काय लिहिलंय? 'नाही'. आणि चारनंतर दुसरा माणूस पहाऱ्यावर येतो, तो काय लिहितो? 'सगळीकडे बर्फ, जहाज जेमतेम पुढे सरकतंय.' तो बर्फ काय आभाळातून पडला?"

मला पटलं. पटलं म्हणण्यापेक्षा, मला लगेच कळलं की ही कुणाबद्दल बोलतेय.

तिने संस्थेला लिहिलं. संयोजक बाईंचं उत्तर गोड आलं, खाली हसरा चेहरा चिकटवलेला. 'आपल्या बारकाईचं मनापासून कौतुक! मात्र आपलं काम लिहिलेलं उतरवण्याचं आहे, तपासण्याचं नाही. नोंद खोटी असल्याचा पुरावा कागदावर नसेल, तर ती खरी धरणं भाग आहे.'

मावशीने ते दोनदा वाचलं. मग उठून स्वयंपाकघरात गेली आणि स्वच्छ असलेला ओटा घासायला लागली. घासता घासता म्हणाली, "तेच वाक्य. शब्दाला शब्द तेच."

ते वाक्य मीही ऐकलेलं होतं, नऊ वर्षांची असताना, व्हरांड्यातल्या बाकावर बसून, बंद न झालेल्या दारातून.

माझी आई गाठीच्या ऑपरेशनला मावशीच्याच हॉस्पिटलात दाखल झाली होती. साधं ऑपरेशन. मावशीची ड्यूटी दुसऱ्या वॉर्डात. तो रविवार होता. दर दोन तासांनी नाडी आणि ताप बघून चार्टवर लिहायचं होतं. मावशी स्वतःचं काम संपवून साडेपाचला आईकडे गेली, मनगट धरलं, तर नाडी मोजता येईना इतकी पळत होती. पोटात रक्तस्राव होत होता, कितीतरी वेळ. मावशीने पलंगाच्या पायथ्याशी अडकवलेला चार्ट उचलला. बारा वाजता ऐंशी, दोनला ऐंशी, चारला ब्याऐंशी. आणि साडेपाच वाजता, सहाच्या रकान्यात, लिहून ठेवलेलं: ऐंशी. सुंदर अक्षरात.

सातला आई गेली.

चौकशी झाली. टेबलामागे तिघं बसले होते. मावशीने सांगितलं, सहाची नोंद मी साडेपाचला डोळ्यांनी बघितली. त्यातला एकजण म्हणाला, "सिस्टर, तुमचं दुःख आम्ही समजतो. पण तुम्ही नातेवाईक आहात. नोंद खोटी असल्याचा पुरावा कागदावर नसेल, तर ती खरी धरणं भाग आहे." बाबांनी कागदावर सही करून टाकली. गेलेलं माणूस परत येतं का, म्हणाले. त्यांना मी माफ केलेलं नाही, आणि आता ते नाहीत, त्यामुळे ते काम राहूनच गेलं. मावशीला दोन वर्षं चादरींच्या कोठारात टाकलं. ती सुंदर अक्षरवाली नर्स पुढे मेट्रन झाली. मावशीने तिच्या हाताखाली अकरा वर्षं काढली आणि घरी मला वाढवलं. चोर तो चोर, वर शिरजोर, हे मी शाळेत शिकायच्या आधी घरात शिकले.

तर मावशीने ओटा घासला, हात पुसले आणि परत कॉम्प्युटरपुढे बसली. "पुरावा पाहिजे ना? कागदावर? ठीक आहे."

नोंदवहीत उजवीकडे शेऱ्याचा एक रकाना असे. कुणी आजारी, कुठे दोर तुटला, असलं काहीबाही. तो टाइप करणं स्वयंसेवकांच्या मर्जीवर होतं, म्हणून कुणी करत नसे. आकडे उतरवले की पान संपलं. मावशीने आकडे बाजूला ठेवले आणि तीन आठवडे फक्त शेरे वाचले. मी तिला म्हटलं, डोळे जातील. ती म्हणाली, "जाऊ देत, बघून तरी जातील."

एका दुपारी तिची किंकाळी ऐकून मला वाटलं, बाथरूममध्ये पडली. धावत गेले तर ती खुर्चीतच होती, दोन्ही हात टेबलावर.

"वाच."

मला ते अक्षर लागेना. तिनेच वाचून दाखवलं. कोंबडीपायाचा सकाळचा पहारा. 'साडेअकराला दोरखंडावरचा बर्फ कोसळून डेकवरचा थर्मामीटर फुटला. दुसरा सापडत नाही.' दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा त्याचाच शेरा: 'पेटीच्या तळाशी नवा थर्मामीटर मिळाला. बसवला.' मधल्या सगळ्या तासांत बाकीच्या अधिकाऱ्यांनी तापमानाच्या रकान्यात आडवी रेघ मारली होती. फक्त दुपारी बारा ते चार, चार ओळी, मोत्यासारख्या अक्षरात, दर तासाला एक अंश खाली.

"थर्मामीटर फुटलाय," मावशी म्हणाली, "आणि हा हरामखोर तापमान लिहितोय."

तिच्या तोंडून तो शब्द मी पहिल्यांदा ऐकला. मला वाटलं होतं, तिला आनंद होईल. आनंदाचा लवलेश नव्हता. "ज्यांनी हे पान आधी उतरवलं त्या दोघांनी ते आकडे जसेच्या तसे टाकलेत," ती म्हणाली. "दोघांचं जुळलं. पक्कं झालं. उद्या कुणी शहाणा त्यावर सरासरी काढेल."

या वेळी तिने गोड लिहिलं नाही. दोन पानांचे फोटो जोडले आणि खाली एकच ओळ: 'कागदावर पुरावा मागितला होता, तो घ्या.'

तीन दिवसांनी संयोजक बाईंचा फोन आला, तो मावशीने स्पीकरवर टाकला. वयाने लहान असावी. घाबरलेली वाटली, आणि खरं सांगते, मला बरं वाटलं.

"मॅडम, तुमचं बरोबर आहे. आम्ही सगळे बसून बघितलं. त्या अधिकाऱ्याच्या नोंदी पुसता येणार नाहीत, पण प्रत्येकीसमोर खूण करू. फक्त त्याचं अक्षर ओळखून वेगळं काढणारं कुणीतरी…"

"मी काढते. खुणेत काय लिहिणार?"

"'शंकास्पद' असं काहीतरी सौम्य…"

"सौम्य नको," मावशी म्हणाली. "सौम्य लिहूनच हे झालंय. लिहा, 'लिहिलंय, पण बघितलेलं नाही.'"

मग ती मुलगी म्हणाली, "चालेल. तसंच लिहू."

सहाशे चौदा ओळी होत्या. मावशीने दोन महिने घेतले. जिथे मोतीरामने खरंच बाहेर जाऊन बघितलं होतं, अशा एकोणीस ओळी तिने सोडून दिल्या. तिथे त्याचं अक्षर थंडीने थरथरलेलं होतं. त्या ओळी तिने मला मुद्दाम दाखवल्या. "खोटं सांगायचं नाही. याने इथे बघितलंय."

शेवटची ओळ झाली त्या दिवशी मी शेवटच्या शिकाऊला सोडून घरी आले तर मावशी स्टुलावर चढलेली. गुडघ्यांसकट! मी ओरडले. ती उतरली, हातात कपाटावरची फाइल. धूळसुद्धा न पुसता तिने ती टेबलावर उघडली.

आईच्या चार्टची प्रत होती. ती तिने कधी, कुणाकडून, कशी मिळवली हे मला आजही माहीत नाही. मी ती तोपर्यंत कधी बघितली नव्हती. किती सुबक अक्षर होतं! ऐंशी, ऐंशी, ब्याऐंशी, ऐंशी. माझ्या अंगाची लाही लाही झाली.

मावशीने पेन पुढे केलं. "लिही."

"तू लिही ना. बघितलं तू होतंस."

"माझं धरत नाहीत. मी नातेवाईक."

"मग मी कोण?"

"तू मुलगी. तुला कुणी विचारलंच नव्हतं."

मी सहाच्या रकान्यासमोर लिहिलं: लिहिलंय, पण बघितलेलं नाही. पेन इतकं दाबलं की शेवटच्या शब्दाला कागद फाटला. मला रडू येत होतं आणि टेबल उलथवून टाकावंसं वाटत होतं, दोन्ही एकदम. मावशीने कागद उलटा केला, फाटलेल्या जागी मागून चिकटपट्टी लावली, बोटाने नीट दाबली आणि परत माझ्यापुढे सरकवला.

"खाली तारीख घाल. आणि वेळ," ती म्हणाली. "घड्याळात बघून घाल."