खालच्या गल्लीचं पाणी

उदगीरजवळच्या आमच्या गावात नळाला पाणी सोडणाऱ्याला सगळे वॉलमन म्हणतात. मीही तेच म्हणतो. पाण्याचा वॉल उघडायची लांब लोखंडी चावी खांद्यावर टाकून तो सावकाश चालतो. पाणी सोडलं की गल्लीत जाऊन विचारतो, "आलं का, माय?" कुणीतरी हो म्हटल्याशिवाय हलत नाही.

निवडणुकीनंतर गाव जातीवर दुभंगलं, वरची गल्ली एका बाजूला, खालची दुसऱ्या. चहाची हॉटेलंसुद्धा वेगळी झाली. मी शिकवतो त्या वर्गातली पोरं डबा खायला वेगवेगळी बसू लागली.

एका सकाळी वरच्या गल्लीतल्या चौघांनी त्याला टाकीपाशी अडवलं. "खालच्या गल्लीचा वॉल उघडायचा न्हाई."

मी शाळेला निघालो होतो. दहा पावलांवर थांबलो, पुढे गेलो नाही. वॉलमन वॉलपाशी खाली बसला. चावी दोनदा निसटली. तरी त्यानं वॉल उघडला आणि खालच्या गल्लीत विचारायला गेला.

दुपारी तो शाळेत आला. मी विचारलं, "भीती नाही वाटत?"

"लई वाटती, गुर्जी. पर चौघं म्हंजी गाव न्हाई." चावी खांद्यावर टाकत म्हणाला, "उद्या बी येतेत ते. तुमी येता का? बोलू नका काई. निस्तं हुबं ऱ्हावा."

मी हो म्हणालो आणि दिवसभर पस्तावत राहिलो. संध्याकाळी बायकोला सांगितलं. सकाळी पाहिलं, तर माझ्याआधी चपला घालून तीच दारात उभी होती.