बुटक्या गाडीतून म्हैसमाळला, म्हणजे खुलताबादपर्यंतच

म्हैसमाळला जायचं माझ्या भावजयीने, शालनने ठरवलं. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन तीन महिने झाले होते. डॉक्टरांनी प्रवासाला परवानगी दिली होती, पण गुडघ्याला पीळ पडता कामा नये, असं बजावलं होतं. माझ्या धाकट्या भावाची, विजूची गाडी उंच आणि ऐसपैस, म्हणून मी निर्धास्त होते. सकाळी सात वाजता ती गाडी क्रांती चौकाजवळ मला घ्यायला आली तेव्हा जमिनीला टेकायचीच बाकी होती.

"खाली बसवून घेतली, ताई," विजू म्हणाला. "मुकुंदवाडीत एकाकडून. शालनला चढायला त्रास व्हायचा ना."

बासष्ट वर्षांच्या निवृत्त माणसाने गाडी बुटकी करायला तिच्या स्प्रिंगा कापून घेतल्या होत्या! मागच्या सीटवर शालन अवघडून बसली होती, आत शिरताना गुडघा पार दुमडावा लागला होता.

"त्रास होतोय?"

"नाही हो, वन्सं. छान आहे." हे म्हणताना तिने दाराची कडी घट्ट धरली होती.

खरं सांगायचं तर छावणीपुढच्या गुळगुळीत रस्त्यावर गाडी पाटाच्या पाण्यासारखी चालली. वळणावर झुकली नाही, हे विजूने मला दोनदा ऐकवलं. मग पहिला गतिरोधक आला आणि गाडीच्या पोटाखालून खर्रर्र आवाज आला. पुढच्या गतिरोधकाला विजू म्हणाला, "जरा उतरता का? वजन कमी झालं की निघेल." मी शालनला काखेत धरून ओढायची, ती त्याच गुडघ्यावर वळून कशीबशी उभी राहायची. दौलताबाद येईपर्यंत हेच चाललं. विजू स्टिअरिंगवर, नजर समोर.

किल्ल्याच्या अरुंद दरवाजातून बाहेर पडल्यावर घाट लागतो. इथे रस्त्याकडेला पेरू छान मिळतात, पण मला तोंडात काही घालवेना. एका वळणावर खड्डा आला आणि गाडीचं मागचं अंग उडून बाजूला सरकलं. समोरून एसटी येत होती.

"विजू, ब्रेक!"

गाडी एसटीपासून हातभर अंतरावर थांबली. एसटीचा ड्रायव्हर काय बोलला ते मी इथे लिहीत नाही. पण त्याचं बरोबर होतं. पुढे प्रत्येक वळणावर टायर घासल्याचा वास येत होता आणि शालन डोळे मिटून बसली होती.

खुलताबादेत पहिलं गॅरेज दिसलं तिथेच मी गाडी थांबवायला लावली. गॅरेजवाल्या रफिकभाईंनी वाकून खाली पाहिलं.

"स्प्रिंग कापली व्हय, काका? आता ती खड्डा गिळत नाय, गाडीला वर फेकती. सीध्या रोडला ठीक, पर वळणात खड्डा आला की गाडी तुमची राहत नाय. कापली कशापायी?"

"हिच्या गुडघ्यासाठी."

रफिकभाईंनी आत पाहिलं. "भाभी, जरा उतरो."

शालनने एकदा प्रयत्न केला, दुसऱ्यांदा केला. तिसऱ्यांदा तोंडातून "आई गं" निघालं. विजू पहिल्यांदाच शेजारी उभा राहून हे बघत होता.

"बसायला काय, कुणीबी बसतं, काका," रफिकभाई हळूच म्हणाले. "मुश्किल उठायची हाय. आमच्या अम्मीचं बी असंच."

"तू बोलली का नाहीस?" विजूने विचारलं.

"तुम्ही माझ्यासाठी म्हणून एवढं केलंत. कसं बोलू?"

मला दोघांचाही संताप आला. गुडघा गेला असता, आपण सगळेच गेलो असतो, आणि ही म्हणे, कसं बोलू!

नव्या स्प्रिंगा शहरातून येणार, म्हणून गाडी तिथेच ठेवली. परतीला एक उंच जीप ठरवली. रफिकभाईंनी दारापाशी फळांचं एक रिकामं खोकं उलटं ठेवलं. शालन चांगला पाय आधी ठेवून चढली, कुणाचा हात न धरता. विजू त्या खोक्याकडे बघत राहिला.

म्हैसमाळ राहिलं. गुडघा शाबूत आहे, डॉक्टरांनी तपासला. गुडघेदुखीचं माणूस घेऊन तिकडे निघणार असाल तर गाडी उंच ठेवा आणि सोबत एक पायरी न्या.

दुसऱ्या दिवशी विजूचा फोन आला. "ताई, शालन सकाळपासून सांगतेय, खुर्ची बुटकी आहे, गादी खचते, बाथरूमचा उंबरा उंच आहे. मी काय करू?"

"ऐकून घे," मी म्हटलं. "आणि तिला विचारल्याशिवाय काहीही कापू नकोस."