खेळ कसा झाला?

पिंपरीला औषधांच्या कारखान्यात मी नवी लागले, तेव्हा बाटल्यांना लेबलं लावायच्या टेबलाशी माझ्या शेजारी एक उंच, सावळ्या बाई बसायच्या. बोलणं जेवढ्यास तेवढं. पाऊस असो-नसो, वाकड्या मुठीची काळी छत्री कायम जवळ.

एकदा जेवणाच्या सुट्टीत माझ्या हातातला पेरू घरंगळत निघाला. मी पाय पुढे केला, तोवर बाईंनी बसल्या जागेवरून छत्रीच्या मुठीनं तो अलगद अडवलाही होता.

“पाय लावायचा नाही. फाउल होतो.”

मग हळूहळू कळलं. बाई देशाच्या संघातून हॉकी खेळल्या होत्या. बोटीनं परदेशी जाऊन जिंकून आल्या होत्या.

“परत आल्यावर सत्कार झाला असेल, नाही?” एका दुपारी जेवताना मी विचारलं.

बाई पेरू कापत होत्या. “धक्क्यावर कुणीच नव्हतं. एक हमाल आला. एवढ्या बायका नि काठ्यांच्या मोळ्या बघून त्याला वाटलं, नाटक कंपनी आली. म्हणाला, ‘बाई, खेळ कसा झाला?’ मी म्हटलं, ‘चांगला झाला.’” मोठी फोड त्यांनी माझ्या हातावर ठेवली. “विचारलं ते त्यानंच.”

संध्याकाळी भोंगा झाल्यावर आम्ही स्टेशनाकडे चालत निघालो. मला राहवेना.

“बाई, खेळ कसा झाला?”

त्या थांबल्या. छत्रीच्या टोकानं रस्त्याच्या धुळीत त्यांनी मैदान आखलं, आणि चालता चालता सुरुवातीपासून सांगायला लागल्या. स्टेशन आलं, तरी पहिला गोल अजून व्हायचाच होता.

मी गाडी जाऊ दिली.