सातव्या मशीनची सुई

सुरुवातीची चूक माझी. कपडे शिवायच्या कारखान्यात तक्रारीच्या चिठ्ठ्या लिहायचं काम माझ्याकडे. त्या दिवशी एवढंच लिहायचं होतं : ‘सात नंबर, सुया मोडतात.’ पण शाळेत निबंधाला बक्षीस मिळालेल्या माणसाला एवढ्यावर थांबवत नाही. मी पुढे जोडलं, ‘बाईचा हात जड.’

चिठ्ठी गेली मेकॅनिककडे. त्याला सगळे पक्कड म्हणायचे. एकदा धरलं की सोडायचा नाही. सातव्या मशीनवर बसायची त्याची सख्खी वहिनी. चिठ्ठी वाचून त्यानं मान डोलावली. घरी ती भांडी कशी आदळते, दार कसं लावते, सगळं त्याला धडाधड आठवलं. त्याच्या आजारपणात तिनंच चमच्यानं औषध पाजलं होतं, थेंबही न सांडता. ते काही आठवलं नाही.

“भाऊजी, सुई खाली कशाला तरी घासते. आवाज तर ऐका.”

“वहिनी, मशीन मला नका शिकवू. हात हलका ठेवा.”

तासभर तो शेजारी उभा राहिला. दोन सुया मोडल्या, त्या मोजल्या. मधल्या चाळीस कॉलरी सुरळीत शिवून झाल्या, त्या कोण मोजतो? संध्याकाळी सुपरवायझरनं वहिनीला उठवून धागे कापायच्या टेबलावर बसवलं. पगार कमी, वर बायकांचे टोमणे : “दीर मेकॅनिक असून ही गत.”

तिच्या जागी आलेल्या मुलीनं दुसऱ्या दिवशी चार सुया मोडल्या. पक्कड म्हणाला, “तिच्याच हाताखाली शिकलेली ना, दुसरं काय होणार.”

मुलगी उठलीच. “मग तुम्ही बसा. बघू तुमचा फुलासारखा हात.”

तो बसला. तिसऱ्या शिवणीला टक्.

त्यानं चाक हातानं हळूहळू फिरवलं. सुईखालचा हुक केसभर सरकलेला. बहुतेक वेळा सुई निसटायची, एखाद्या वेळी त्यावर आपटायची. पाच मिनिटांचं काम होतं. ते झालं आणि त्याचं डोकं फिरलं. पाना फेकून तो माझ्या टेबलावर आला.

“मशीन काय करतं ते लिहायचं सोडून बाई कशी आहे ते लिहितोस? तुझ्या अकलेचे तारे इथं नकोत. आणि मी एक बैल, मानेवर जू पडलं की चाललो.”

मग तो सुपरवायझरकडे गेला. “तिला जागेवर बसवा.”

“महिनाअखेरीस बघू.”

“आत्ता. नाहीतर सुया उद्यापासून तुम्ही बदला.”

वहिनी परत सातव्या मशीनवर आली. पक्कड मागे घुटमळत राहिला.

“काही म्हणालात का, भाऊजी?”

“नाही. तेल घालायला आलोय.”

त्याला आता महिना झाला. ‘चुकलो’ हा शब्द त्याच्या तोंडून निघालेला नाही, माझ्याही नाही. तो रोज येतो, कोणावर तरी खेकसतो, तेल घालतो. काल वहिनी शिवण न थांबवता म्हणाली, “तेल पुरे झालं, भाऊजी. तेवढ्या एका शब्दाचं बघा.”

तो तेलाची बुधली घेऊन आठव्या मशीनकडे वळला.