भगवा, निळा आणि आवाज

दसऱ्याला आमच्याकडे हत्यारांची पूजा होते. हत्यारं म्हणजे विळी, कात्री, आईचं शिलाई मशीन आणि गेली काही वर्षं माझा लॅपटॉप. आई त्याला हळद-कुंकू लावते, झेंडूचं फूल ठेवते आणि मुठीतल्या अक्षता वाहते. "अगं, उघडा आहे तो, आधी मिटू दे," असं मी दरवर्षी ओरडतो आणि दरवर्षी मला उशीर होतो. यंदा दसरा उलटला आणि लॅपटॉपचा पंखा खरखरायला लागला. मग खरखर थांबली, लॅपटॉप तव्यासारखा तापला आणि एका मंडळाचा बॅनर अर्धा झालेला असताना बंद पडला. दुरुस्तीवाल्याने तो उघडला आणि कुंकवाने लाल झालेला तांदळाचा एक दाणा माझ्या तळहातावर ठेवला. पंखा अडला, आतलं सगळं जळलं, आता नवीनच घ्या, म्हणाला.

मी तणतणत घरी आलो आणि तो दाणा आईपुढे धरला. तिने चष्मा लावून तो बघितला. आई मूळची मालवणची. मुंबईत जन्म गेला तरी घरात ती मालवणीच बोलते.

"तेका भोकां आसत ता माका काय म्हायत?" ती म्हणाली आणि दाणा उचलून तुळशीच्या कुंडीत टाकला. माझ्या रागाची किंमत तेवढीच झाली.

काळाचौकीत आमची एक खोली आहे. तिच्या खिडकीजवळच्या टेबलावर बसून मी डिझाइनची कामं करतो: मंडळांचे बॅनर, लग्नपत्रिका, दहीहंडीचे टी-शर्ट, भोईवाड्यातल्या जयंतीच्या कमानी. या धंद्यात दोन रंग चुकून चालत नाहीत, भगवा आणि निळा. जुन्या लॅपटॉपवर दोन्ही खोटे दिसायचे. स्क्रीनवर झकास भगवा असायचा आणि छापून आला की गाजराचा हलवा. एकदा जयंतीच्या कमानीवरचा निळा जांभळा होऊन आला, तेव्हा त्या मंडळाचा अध्यक्ष माझ्याकडे इतका वेळ गप्प बघत राहिला की त्यापेक्षा त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यामुळे नवीन लॅपटॉप घ्यायचा तर स्क्रीन खरे रंग दाखवणारीच हवी, हे मी सगळ्यांना सांगत सुटलो.

ते खरंच होतं. पण माझी झोप उडवणारं कारण वेगळं होतं, आणि ते मी कोणालाच सांगत नव्हतो. मला त्या लॅपटॉपवर गेम खेळायचा होता.

आता पोरगेलेपणा वाटेल, म्हणून नीट सांगतो. माझा मोठा भाऊ पुण्याला असतो. दोन वर्षांपूर्वी त्याचं आणि आईचं भांडण झालं. ही खोली विकून लांब कुठेतरी मोठा फ्लॅट घेऊ, असं त्याचं म्हणणं होतं. आई म्हणाली, मी जिवंत असेपर्यंत नाही. तो म्हणाला, मग बस खोलीला कवटाळून, आणि बॅग भरून गेला. दोघं सारखेच हट्टी. आधी फोन कोणी करायचा यावर गाडं अडलं ते अडलंच. आई त्याचं नावही काढत नाही आणि माझ्याशी बोलताना तो आईबद्दल विचारत नाही.

मी आणि तो मात्र रोज संध्याकाळी, त्याचं ऑफिस सुटलं की, ऑनलाइन खेळायचो. बंदुकांचा साधा गेम. दोघांनी एका बाजूने लढायचं. तो तिकडून सांगायचा, "डावीकडे बघ," "छपरावर एक आहे," "मागे, मागे बघ!" मी इकडून तेच. दोन वर्षं आम्ही भाऊ याहून जास्त काही बोललो नाही. कधीतरी डाव संपता संपता तो हळूच विचारायचा, "जेवलात?" खेळायला मी एकटाच, मग हे 'जेवलात' आणखी कोणाला होतं ते मला कळायचं. मी म्हणायचो, "हो, बांगडे होते." तेवढ्यावर दोघांचंही भागायचं.

फोन का करत नव्हतो? फोन केला की काहीतरी बोलावं लागतं. खेळात बोलावं लागत नाही.

लॅपटॉप बंद पडल्यावर त्याचा मेसेज आला, "कुठेस?" मी लिहिलं, "लॅपटॉप गेला." त्याचं उत्तर आलं, "बरं." त्या 'बरं'ने मला भंडावून सोडलं. त्याला दुसरा कोणी जोडीदार मिळेल, मग संध्याकाळी माझी वाट बघायची त्याची सवय मोडेल, आणि सवय मोडली की आमच्या घराशी त्याचा उरलेला शेवटचा धागाही तुटेल. हे मला स्वच्छ दिसत होतं आणि मी काय करत होतो, तर लॅपटॉपचे व्हिडिओ बघत होतो.

किती व्हिडिओ! ज्याचे रंग खरे त्याचं गेम चालवणारं ग्राफिक्स कार्ड मरतुकडं. ज्याचं कार्ड दणकट त्याची स्क्रीन फिकट. दोन्ही चांगलं असेल तर तापतो, नाही तापला तर बॅटरी टिकत नाही, आणि सगळं जमलेला लॅपटॉप इतका जड की पाठीवर घेऊन चाळीचा जिना चढणारा माणूस हमाल वाटेल. सकाळी एक ठरवायचो. दुपारी कोणीतरी अनोळखी माणूस त्याखाली लिहायचा, 'पस्तावलो', की संपलं. भात कालवता कालवता मी फोन बघत बसायचो आणि भात थंड व्हायचा. लॅमिंग्टन रोडला चकरा मारून मारून तिथले दुकानदार मला बघून तोंड फिरवायला लागले. घेणारा माणूस असा वारंवार येत नाही, हे त्यांनी ओळखलं असणार.

एका सकाळी मी पुन्हा चपला घालत होतो, तेव्हा आई पदर खोचून उभी राहिली.

"मी पण येतंय तुझ्यावांगडा."

"तू येऊन काय करणार?"

"बघतंय तरी, कसलो घेतंस तो."

मला वाटलं, अक्षतेचं मनाला लागलंय. म्हटलं, चल. टॅक्सीत ती मांडीवर पिशवी घट्ट धरून बसली होती, डॉक्टरकडे निघाल्यासारखी.

दुकानात माझी निवड दोन लॅपटॉपवर आली. पहिल्याची स्क्रीन पाहून माझे डोळे निवले. मी माझा बॅनर उघडला तर भगवा भगवा होता, कमानीचा निळा निळा होता. खात्री करायला मी आईच्या साडीचा काठ स्क्रीनशेजारी धरला. तोच रंग. दुसरा लॅपटॉप रंगाला बरा म्हणावा असा, पण दणदणीत. गेम दोन्हींवर चालणार होता. मी पहिला घ्यायचं ठरवलं. जवळजवळ ठरवलंच.

"दादा, हा एकदम मक्खन आहे," दुकानातला माणूस म्हणाला. "आणि मावशी, याच्यावर हेडफोन फ्री. पोराने कितीपण गेम खेळू दे, तुमच्या कानाला त्रास नाय."

"हेडफोन नको आमका," आई म्हणाली.

"अहो फ्री आहे, मावशी."

"फुकट असलो तरी नको." मग ती माझ्याकडे न बघता त्या माणसाला म्हणाली, "ह्येचो आवाज भायर येता काय, ता दाखव."

त्याने एक गाणं लावलं. आई वाकली, कान स्क्रीनजवळ नेला, मग चार पावलं मागे गेली आणि तिथून ऐकलं. चार पावलं म्हणजे आमच्या घरात टेबलापासून पलंगापर्यंत. तिने मान हलवली. "बारीक येता." दुसऱ्या लॅपटॉपवर तेच गाणं लावायला लावलं. परत तशीच मागे गेली. "ह्येचो येता," म्हणाली, आणि पहिल्यांदा पिशवीवरची पकड सैल केली.

मी खुळ्यासारखा बघत राहिलो. माझ्या जुन्या लॅपटॉपची हेडफोनची जागा केव्हाच ढिली झाली होती. भावाचा आवाज स्पीकरवरूनच यायचा, खोलीभर. आणि रोज त्याच वेळी आई पलंगाच्या कडेला कोथिंबीर निवडायला बसायची. एक जुडी निवडायला तिला आमचा अख्खा डाव लागायचा. मध्येच म्हणायची, "बास झाला तुझा ढिशांव ढिशांव," पण उठायची नाही. मला वाटायचं, ती माझ्यावर नजर ठेवून बसते. अहो, ती त्याला ऐकायला बसायची. आणि मी मेला इतके दिवस स्क्रीनवरचे निळे-भगवे पारखत होतो. त्या परक्या दुकानात मला स्वतःचीच लाज वाटली.

"हा द्या," मी दुसऱ्याकडे बोट दाखवलं.

"आणि कलर, दादा? तुमचं तर डिझाइनचं काम ना?"

"छापखान्यात जाऊन बघीन."

घरी आल्यावर आईने नव्या लॅपटॉपला कुंकू लावलं. या वेळी मिटलेल्या झाकणावर, नुसतं बोट टेकवून. अक्षतांची वाटी तिने हातात घेतली होती, ती परत देव्हाऱ्यात ठेवली.

गेम उतरवून घ्यायला दुपार गेली. भावाला मी फक्त 'आलो' एवढं लिहिलं. संध्याकाळी डाव सुरू झाला तेव्हा आई कोथिंबिरीची जुडी घेऊन पलंगावर बसलेली होती. स्क्रीनवर एका पडक्या घराशी भावाचा माणूस उभा होता. मग त्याचा आवाज आला, जुन्यापेक्षा कितीतरी मोठा आणि स्वच्छ, जणू दारातच उभा आहे.

"हॅलो. आवाज येतोय का?"

नवीन लॅपटॉप असला की हे सगळेच विचारतात. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण मागून आई बोलली.

"येता रे."

त्याचा माणूस बंदूक खाली करून तसाच उभा. मीही हललो नाही. भिंतीआडून एक शत्रू सरपटत त्याच्या पाठीमागे येत होता, तो मला दिसत होता, पण माझी बोटं चालेनात.

"मागे बघ!" आई ओरडली. "मागसून येता तो, मागे बघ!"

तो वळला, पण उशीर झाला होता. दोन गोळ्यांत तो गेला आणि पाठोपाठ मीही. लॅपटॉपमधून भावाने नाक ओढल्याचा आवाज आला.

"आई," तो म्हणाला, "आधी सांगायचं ना."

"आता सांगतंय मा," आई म्हणाली, आणि जुडी घेऊन माझ्या खुर्चीशेजारी येऊन बसली.