अंजूची पाठ आणि चन्नव्वाचा टेप

कमलनगरच्या बसस्टँडमागं चन्नव्वाचं शिलाईचं दुकान आहे. एक मशीन, एक उभा आरसा आणि मापं घ्यायला पडदा. बायका तिला अक्का म्हणतात. घरी ती कन्नड बोलते, गिऱ्हाइकांशी मराठी, आणि रागात दोन्ही एकदम. अंजूच्या बाबतीत तिला आलेला राग अगदी बरोबर होता, हे मी आधीच सांगते.

अंजू सातवीत होती. शाळेचा ड्रेस तयार झाल्यावर आईनं, सुशीलाबाईनं, तो तिला घालून बघितला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"अक्का, कापताना चुकलंय तुमचं. एका बाजूनं आखूड झालाय."

"कापड सरळ हाय," चन्नव्वा म्हणाली. "पोरीची पाठ वाकडी व्हायलीय. उजवा खांदा वर, डावी कंबर आत. मी टेप दोनदा लावला. डॉक्टरला दाखव."

"हळू बोला की! लोकं ऐकायलेत. उद्या लगीन करायचंय तिचं."

बारा वर्षांची पोर! सुशीलाबाईनं ड्रेस उचलला आणि दुसऱ्या शिंप्याकडं नेला. त्यानं मुकाट्यानं एका बाजूची शिवण उसवून कापड खाली सोडलं. ड्रेस सरळ दिसायला लागला. आत पाठ वाकतच गेली.

पुढचं सव्वा वर्ष आठवलं तरी संताप येतो. वर्गात सर फूटपट्टीनं पाठीवर टोचून म्हणायचे, "सरळ बस." वडील अंकुशराव, बी-खताचे दुकानदार, तिला हाड बसवणाऱ्याकडं घेऊन गेले, त्यानं पाठीवर गुडघा ठेवून दाबलं. मग मेडिकलमधून एक कमरपट्टा आला. "पोक काढून चालती, वयात आली की जाईल," असं जो तो सांगत होता. पण एकानंही तिला नीट उभी करून मागून बघितलं नाही.

आठवीत असताना अंजू एकटीच चन्नव्वाच्या दुकानात आली.

"अक्का, ड्रेस ढगळ शिवा. पाठीमागचं दिसू नये."

चन्नव्वानं पडदा ओढला आणि तिला पुढं वाकायला लावलं. उजव्या बाजूच्या फासळ्या वर आल्या होत्या, डावी बाजू खोल गेली होती. चन्नव्वानं भरदुपारी दुकान बंद केलं आणि पोरीचा हात धरून तिच्या घरी गेली. अंकुशराव जेवायला बसले होते.

"दुसऱ्याच्या पोरीत तुम्ही कामून पडायलात?" ते म्हणाले.

"तुमी पडत न्हाई म्हणून!" चन्नव्वा ओरडली. "सोमवारी बिदरला चला. न्हाई आलात तर मी एकटी नेते. गावाला सांगून नेते!"

त्या धाकानं आईवडील दोघंही आले. एक्स-रेत कण्याचा बाक चौतीस अंशांचा निघाला. डॉक्टरांनी तिथंच पाठीचे व्यायाम शिकवणाऱ्या नागरत्नाकडं पाठवलं. ती कलबुर्गीकडची, तिशीतली बाई.

"पयल्यांदा कधी दिसलं?" तिनं विचारलं.

चन्नव्वा म्हणाली, "सव्वा वर्षाखाली."

"तवा बाक कमी आसंल, काम सोपं होतं. आता तिच्या मापाचा, प्लास्टिकचा कडक पट्टा बी लागतोय, रोजचा व्यायाम बी. कणा पुरता सरळ व्हनार न्हाई. पर उंची वाढायची थांबेपर्यंत बाक वाढू द्यायचा न्हाई. वाढला तर आपरेशन."

व्यायाम आरशासमोर करायचा होता. डोकं वर ताणायचं, कंबर मधोमध आणायची, आणि खोल गेलेल्या डाव्या बाजूत श्वास भरायचा. घरात मोठा आरसा नव्हता आणि बैठकीत असले प्रकार सुशीलाबाईला चालत नव्हते, पाहुणे बघतील! मग चन्नव्वानंच रोज पाच वाजता दुकानाचा पडदा ओढायला सुरुवात केली. आरशावर खडूनं उभी रेघ मारली. खोल बाजूवर तळवा ठेवून म्हणायची, "माझा हात ढकल. श्वासानं ढकल."

पहिले दोन महिने अंजू लाजेनं रडायची. पट्टा दिवसाचे अठरा तास, एप्रिलच्या उन्हातसुद्धा. कातडी सोलायची. चन्नव्वानं आत घालायला बिनशिवणीच्या बाजूंचे पातळ बनियन शिवले. एकदा अंजूनं पट्टा भिंतीवर आपटला आणि म्हणाली, "चूक त्यांची, आन् भोगायलेय मी!" चन्नव्वा म्हणाली, "व्हय. खरं हाय." तिला गप्प बसवलं नाही.

सहा महिन्यांनी सुशीलाबाई पडद्याशी येऊन उभी राहिली. "मला बी शिकवा," एवढंच म्हणाली. चन्नव्वानं तिला हात कुठं ठेवायचा ते दाखवलं. माफ मात्र केलं नाही.

अडीच वर्षांनी उंची वाढायची थांबली. शेवटच्या एक्स-रेत बाक एकतीस अंश होता. ऑपरेशन टळलं. खांदा अजून थोडा वर आहे. अंजू आता कॉलेजात जाते, मापाचे कपडे घालते.

चन्नव्वा त्यानंतर शाळेत गेली. "सातवीच्या पोरींच्या पाठी बाईंसमोर बघू द्या," म्हणाली.

"तुमच्याकडं काय सर्टिफिकेट आहे?" हेडमास्तरांनी विचारलं.

"तुमच्याकडं हाय न्हवं? मग तुमाला कामून दिसलं न्हाई?"

परवानगी आजतागायत मिळालेली नाही. म्हणून जूनमध्ये ड्रेसची मापं घेताना ती प्रत्येक पोरीला वाकायला लावते. यंदा दोघी सापडल्या. एकीचा बाक एकोणीस अंशांवरच कळला, तिचे व्यायाम सुरू झाले. दुसरीची आई म्हणते, परीक्षा झाल्यावर बघू. चन्नव्वा दर मंगळवारी तिच्या दारात जाऊन उभी राहते.